ठिणगीची पेटी

या, असे जवळ येऊन बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं पुढं सरकावं. एक गोष्ट सांगतो, आपल्या कोल्हापूरचीच. आरतीला अजून वेळ आहे, तोवर ऐका.

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या बाळासोनं एकट्याला बसता येईल एवढं विमान बांधलं होतं. लाकडाचा सांगाडा, वर ताणलेलं कापड आणि मोडीत मिळालेलं छोटं इंजिन. विमान चालवायला तो बाहेरगावच्या क्लबात शिकून आला होता. इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो मात्र पार मेलेला, आणि नवा कुठं मिळेना. तेव्हा त्याचा जिवाभावाचा दोस्त निसार, रेडिओ दुरुस्त करणारा, म्हणाला, "मी करतो की!"

निसारनं ट्रान्झिस्टर बसवले, मोटारीची कॉईल जोडली आणि बॅटरीवर चालणारी ठिणगीची पेटी तयार केली. पेटी तापायची, म्हणून झाकणाला बारीक भोकं पाडली. जमिनीवर इंजिन असं चाललं की कीर्तनात टाळ लयीत पडावेत तसे ठोके. निसार डोळे मिटून ऐकत बसायचा.

"लेका, वर गेल्यावर ही ठिणगी पाडंल का विविधभारती लावंल?" बाळासो चिडवायचा.

"दोन्ही करंल. तू तेवढं खाली यायचं बघ!"

पहिल्या उड्डाणाला हातकणंगल्याकडचा माळ ठरला. सकाळीच बाळासोची थोरली बहीण आक्का पूजेचं ताट घेऊन आल्या. आईमागं त्यांनीच बाळासोला वाढवलेलं, आणि निसारलाही त्या दारातून कधी उपाशी जाऊ दिलं नव्हतं. आक्कांनी विमानाच्या नाकावरच्या पंख्याला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि निसार काही बोलायच्या आत नारळ थेट उघड्या इंजिनावर आपटला. पाणी उसळलं, पेटीच्या झाकणावर पडलं, भोकांतून आत उतरलं. ते निसारनं बघितलं. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं.

रुमालानं त्यानं झाकण पुसलं. आत किती गेलं ते स्क्रू काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

"बाळासो, जरा थांबतोस? पेटी एकदा उघडून बघतो."

"का रं? काय झालं?"

निसारनं मान वर केली. आक्का भावाच्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडत होत्या. डोळे काठोकाठ भरलेले. देवाच्या नारळानं पेटी बिघडंल, असं त्या माउलीला म्हणायचं कसं? आणि म्हणणारा कोण, तर निसार. भोवती एवढं गाव जमलेलं.

"काय न्हाय," तो म्हणाला. "आपलं असंच."

"मग असंच फिरीव पंखा!"

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. ठोके खणखणीत. अल्लानं राखलं, निसार मनात म्हणाला.

विमान माळावरून सुटलं, कुंपणावरून वर गेलं. माणसांनी टोप्या उडवल्या. उसाच्या फडावर पोचलं, आणि निसारच्या कानाला एक ठोका कमी लागला. मग आणखी एक. बाकीचे टाळ्या पिटत होते. त्यानं करावं काय? हाक वर पोचणार नव्हती, हात तर नाहीच. दम तोडणाऱ्या इंजिनावर वळलं की विमान कोसळतं, हे बाळासोनंच त्याला सांगितलं होतं. "वळू नगंस," तो पुटपुटत होता, "सरळ जा, उसात उतर, वळू नगंस बाबा..."

बाळासो माळाकडं वळला. आवाज बंद पडला. विमान एका अंगावर कललं आणि बांधापलीकडं दिसेनासं झालं.

जीव वाचला. कमरेखालचं अंग मात्र गेलं.

मोडक्या इंजिनावरची पेटी निसारनं घरी नेली आणि काही दिवसांनी उघडली. आत नारळाचं पाणी सुकून चिकट झालेलं, तारा हिरव्या पडलेल्या. त्यानं झाकण पुन्हा लावून टाकलं.

पुढं बाळासोला दवाखान्यातून घरी आणलं. आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "नारळ फोडलाता म्हणून राहिला माझा भाऊ. न्हायतर काय हातात आलं असतं?" निसारपुढं चहा ठेवतानाही त्यांनी तेच सांगितलं.

खाटेवरून बाळासो म्हणाला, "निसार, खरं सांग. पेटीला काय झालतं?"

निसारनं कप हातात घेतला. आक्का उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तारांचं सोल्डर कच्चं राहिलतं. माझ्याच हातनं."

"तुझ्या हातनं? आणि कच्चं?" बाळासो त्याच्याकडं बघत राहिला. "खोटं बोलतोस लेका."

"न्हाय."

आक्का पुढं आल्या. निसारच्या हातातला भरला कप काढून घेतला आणि आत गेल्या. त्यानंतर त्या घरात त्याचं पाऊल पडलं नाही. बाळासो निरोप धाडायचा, निसार येऊ शकायचा नाही.

एवढंच मागणं आहे तुमच्यापाशी. आज आरतीला हात जोडाल, तेव्हा बाळासोसाठी मागालच. पण त्या निसारचंही नाव घ्या. ज्या घरात त्याच्यासाठी ताट वाढलं जायचं, तिथं आता आक्कांसमोर ते नाव कुणी घेत नाही.