विनयाच्या हाताचं दही

क्षितिजाने गाडगं तिरकं केलं तसं दूध कडेला धावत आलं. पातळ, निळसर.

"काकी, लागलंच नाही."

सत्यवतीने बोट बुडवून चाखलं. आंबटपणा नावालाही नव्हता. विरजण काल तिने स्वतः लावलं होतं. घरात दुसरं होतं कोण? नवरा नथू चुलीकडे फिरकतही नसे.

क्षितिजा दिराची मुलगी. मुंबईत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रविवारी तिची हळद, म्हणून सुट्टी काढून चांदीपला आली होती.

"दूध ऊन असताना लावलंस का?"

"थंडी किती पडलीय! ऊन दुधात लवकर धरतं. आमची आई असंच लावायची."

"आणि विरजण?"

"माहेरचं. लग्नात आगाशीहून आनलेलं. आजपावेतो मोडू दिलं नाय." मग हळूच म्हणाली, "एकदा मोडलेलं. मंग भावाकडून परत तेच आनलं."

क्षितिजा ओट्यावर मांडी घालून बसली. "दही लावतात ते जंतू असतात, माहितीय ना तुला? कधी कधी त्या जंतूंच्याही पोटात विषाणू असतो. वर्षानुवर्षं गप्प बसून असतो. जंतूची पिल्लं होतात, तसा हाही त्यांच्याबरोबर पिढ्यान् पिढ्या पुढे जातो."

"म्हंजे घरजावई!"

"अगं, घरजावयापेक्षा बरा. कामाचा असतो. आपल्यासारख्या दुसऱ्या विषाणूला दारात उभं करत नाही. त्याच्यामुळे जंतूचं वागणंच बदलतं."

"मंग बिघडतं कुठं?"

"जंतूला त्रास झाला की हा जागा होतो. जास्त ऊन दूध म्हण, कधी दुसरं काही. एकदा जागा झाला की घर फोडूनच बाहेर पडतो आणि शेजारच्या घरात शिरतो. मग दही लावायला उरणार कोण? आपल्या गाडग्यात हेच झालं, असं तपासल्याशिवाय नाही सांगणार मी. डेअरीत आमच्याकडे होतं असं."

सत्यवतीने पदराने बोट पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"आनि हाताचं? कोनाकोनाच्या हाताला लागत नाय म्हनतात."

"हाताचा काय संबंध, काकी?"

सत्त्याण्णव सालच्या माघात घरात सत्यवतीच्या लेकीची, विनिताची हळद होती. पंगतीच्या कढीसाठी मोठमोठी पातेली भरून दूध तापवलं होतं. विरजण लावायला तिने नव्या सुनेला, विनयाला बसवलं होतं. विनया दूध निवायची वाट बघत होती. सत्यवतीच घाईने म्हणाली होती, "बसलीस काय? थंडीचं ऊन दुधातच लावायचं असतं. लाव." सकाळी एकही पातेलं लागलं नाही. मांडवातल्या बायका गोळा झाल्या, तेव्हा सत्यवतीने सुनेचा हात मनगटाला धरून वर केला होता. "बघा गं, हा आमच्या सुनेचा हात!" बायका हसल्या. विनयाही थोडी हसली होती. त्यानंतर दही, लोणचं, पापडाचं पीठ, कशालाच तिचा हात लावू दिला नव्हता. पुढे मुलाने, जितेंद्रने, मनवेलपाड्याला वेगळी खोली घेतली. नोकरीला जवळ पडतं, एवढंच त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सत्यवती मनवेलपाड्याला गेली. पिशवीत वाल आणि केळीचा घड. दार विनयाने उघडलं.

"आई? एकट्याच आलात?"

"एसटी आहे की. आनि काय वरात आनू?"

विनयाने पाणी दिलं, चहा ठेवला. नात तेजस्वी शाळेतून आली होती; ती आजीला टेकून बसली. सत्यवतीने चहाचा कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायली नाही.

"रविवारी क्षितिजाची हळद. पंगतीचं दही तू लावायचंस."

विनया ओटा पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"मी लावत नाही, आई. आमच्याकडे पिशवीचं येतं."

"कधीपासून?"

उत्तर तेजस्वीने दिलं. "आईच्या हाताला दही लागत नाही, आजी. माझ्यापण नाही लागणार. आईसारखाच हात आहे ना माझा." तिने तळवा पुढे केला, शाळेत नखं दाखवतात तसा.

"कोन सांगतं तुला असलं?" सत्यवतीचा आवाज चढला आणि तिथेच विरला. "पोरी, हाताचं काय नसतं. दूध ऊन होतं. मीच सांगितलेलं तुझ्या आईला, ऊन दुधात लाव म्हनून. विनया, मी म्हनालेले ना?"

"हो."

"तुला आठवतं?"

"आठवतं की."

"मंग तेव्हा बोलली का नाय?"

विनयाने फडकं पिळून दांडीवर टाकलं. "मलाही वाटलं, हातच असेल. तुम्ही इतक्या ठाम म्हणालात." मग म्हणाली, "आता चार बायकांत पुन्हा नको, आई."

"बायकांत नको. इथं लाव. मी नि पोर, दुसरं कोन आहे?"

विनयाने पातेल्यात दूध घेतलं, गॅसवर ठेवलं, उतरवलं. निवू दिलं. मधेमधे करंगळी लावून बघत राहिली. तेजस्वी स्टुलावर चढून वाकून बघत होती. दूध कोमट झालं तशी विनयाने पिशवीतलं दही चमच्यात घेतलं. चमचा पातेल्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला.

मग तिने तो सासूपुढे केला.

"तुम्हीच घाला, आई. उगाच दूध फुकट जायचं."

अगदी साधेपणाने म्हणाली ती. रागाने म्हणाली असती तर सत्यवतीला उत्तर देता आलं असतं. तिचा हात पुढे होईना. विनया चमचा धरून उभी होती. तेजस्वी एकदा आईच्या हाताकडे बघे, एकदा आजीच्या.

पातेल्यातलं दूध गार होत चाललं होतं.