कोपऱ्यातले पाव नऊ

मी एक जुना नकाशा आहे. व्हिएन्ना शहराचा, मागून कापड लावलेला, बत्तीस तुकड्यांचा. माझा स्वभाव संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. पण मित्रांनो, एकदा नकाशाच्या जन्माला येऊन पाहा. माणूस चौकात उभा राहतो, माझ्याकडे बघतो, रस्त्याकडे बघतो, पुन्हा माझ्याकडे बघतो आणि बायकोला म्हणतो, "हा खोटं दाखवतोय." मला उलटे धरलेले असते ते त्यानेच! ज्याच्यावर जन्मभर असा अविश्वास दाखवला गेला, त्याने दुसऱ्यांवर काय म्हणून विश्वास ठेवावा?

माझा जन्म १९६१ सालचा. छापून झाल्यावर मला एका बायंडरच्या टेबलावर आणले गेले आणि तिथे कात्रीने माझे बत्तीस तुकडे झाले. मला वाटले, संपले. पण त्या म्हाताऱ्या बायंडरने ते तुकडे एका तागाच्या कापडावर शेजारीशेजारी चिकटवले. मध्ये केसभर जागा सोडली, म्हणजे घडी कापडावर पडावी, कागदावर पडू नये. वर पुठ्ठ्याचे वेष्टन आणि त्याला आतून एक छोटा खिसा. असे नकाशे हल्ली कोणी करत नाही. हल्लीचे नकाशे फुकट मिळतात आणि पहिल्या पावसात विरघळतात. असो.

मला विकत घेतले त्या बाईंचे योझेफश्टाट भागात पाच खोल्यांचे गेस्टहाऊस होते. त्यांना दोन मुली, वाल्ली आणि ट्रूडे. पुढे बाई आजारी पडल्या. त्याच वर्षी धाकटी ट्रूडे लग्न करून दूर उत्तरेला, जर्मनीतल्या ब्रेमेनला निघून गेली. "लवकर येते," म्हणाली आणि आली ती थेट आईच्या मातीला. थोरल्या वाल्लीने ते मनात ठेवले. दोघी कबरीपाशी जे बोलल्या, तेवढेच शेवटचे.

गेस्टहाऊस वाल्लीकडे आले आणि माझे खरे कामाचे दिवस सुरू झाले. नाश्त्याच्या खोलीत खिळ्याला मी टांगलेला असे. पाहुणा आला, की वाल्ली मला टेबलावर पसरायची, शिसपेन्सिल कानामागून काढायची आणि विचारायची, "किती दिवस?" बहुतेकांची तऱ्हा म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दोन दिवसांत बारा राजवाडे आणि अठरा चर्चेस पाहायची असत. वाल्ली त्यांची यादी वाचायची आणि सरळ उलटी ठेवायची.

"दिवसाला एकच मोठी गोष्ट," ती म्हणायची. "शहर बघायला आलात की शहराची झडती घ्यायला?"

तिचा बेत आईच्या वेळेपासूनच ठरलेला असे. पहिल्या दिवशी चित्रांचे संग्रहालय, तेही फक्त एकच दालन, आणि मग संध्याकाळपर्यंत कॉफीहाऊस. दुसऱ्या दिवशी राजवाड्याची बाग, आणि संध्याकाळी ऑपेरात उभे राहायची जागा. तिथे कठड्याला आपला मफलर बांधायचा, की ती जागा आपली. तिसऱ्या दिवशी एकाहत्तर नंबरच्या ट्रामने मोठ्या दफनभूमीत. पाहुणे दचकत. "सुट्टीत स्मशान?" "मग कधी जाणार, मेल्यावर?" वाल्ली विचारायची. चौथ्या दिवशी काहीच नाही. आवडत्या कॉफीहाऊसमध्ये बसायचे आणि ज्याचा निरोप घ्यायचा त्याचा घ्यायचा. लोक परत आले की मला म्हणत, "काय नकाशा आहे!" मी फुलून जाई. म्हणजे, ते उगाच गोड बोलतायत असा संशय यायचा, तरी फुलून जाई.

मग १९९८च्या ऑक्टोबरात दारावर एक वीस वर्षांची मुलगी उभी राहिली. उंच, पाठीवर पिशवी.

"मी वीब्के. ट्रूडेची मुलगी."

वाल्लीने दार उघडले तेवढेच धरून ठेवले. "आईनं पाठवलं?"

"नाही. म्हणजे... हो."

"एक काय ते ठरव."

"तिला बरं नाहीये, मावशी. तुम्ही एकदा यावं असं तिला वाटतं. पण ती स्वतः म्हणणार नाही."

"नाहीच म्हणायची. बापावर गेलीय." वाल्लीने मुलीला आपादमस्तक पाहिले. मीही पाहिले आणि मला काही ती भरवशाची वाटली नाही. बोलणे सगळे उत्तरेकडचे, ताठ. व्हिएन्नाचा एक शब्द तोंडात नाही. नंतर कळले, की ट्रूडेने रागाने घरात इथली बोलीच बंद केली होती. मुलीच्या कानावर ती कधी पडलीच नव्हती.

"कुठं उतरलीस?"

"विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात."

"किती दिवस?"

"चार."

वाल्लीने तिला राहा म्हटले नाही. पण मला खिळ्यावरून काढले आणि चार दिवसांचा बेत आखून तिच्या हातात दिले. आईच्या वेळी पाहुणे मला घेऊन फिरत, पण वाल्ली इतरांना मला घराबाहेर नेऊ देत नसे. त्यांना कागदावर उतरवून घ्यावे लागे. शेवटी तिने माझ्या उजव्या कोपऱ्यात लिहिले, 'कॅफे एडलबाख, ¼ ९'.

"चौथ्या दिवशी सकाळी पाव नऊ," ती म्हणाली. "तुझी गाडी दहाची ना? तोवर विचार करते. यायचं ठरलं तर बॅग घेऊनच येईन. नाही आले, तर समज नाही."

वीब्केने मान हलवली. वाल्लीमावशीला दुसऱ्यांदा काही विचारावे असा तिचा चेहराच नव्हता.

तीन दिवस मी त्या मुलीबरोबर फिरलो. तिने माझी घडी पहिल्याच दिवशी नीट घालायला शिकून घेतली, हे कबूल करतो. पण तिसऱ्या दिवशी, दफनभूमीतल्या बाकावर, तिने माझ्या खिशात एक बंद पाकीट सरकवले आणि माझा संशय पुन्हा जागा झाला. पाकिटावर ट्रूडेच्या अक्षरात लिहिले होते, 'वाल्लीला. आली तर द्यायचं. नाही आली तर परत आणायचं.' हे असले अटी घातलेले प्रेम माझ्या पोटाशी कशाला?

चौथ्या दिवशी सकाळी मी पिशवीत होतो. पिशवीत घड्याळ दिसत नाही. कपबशांचा आवाज आला. वीब्केने वेटरला विचारले, "इथं एक बाई आल्या होत्या का हो?"

"बाई?" वेटर म्हणाला. "इथं सकाळपासून बायकाच येतायत. कॉफी आणू, का पत्ता सांगू?"

ती बसून राहिली. नंतर धावतच स्टेशनवर गेली. वाल्ली आली नव्हती. आणि मी, वाल्लीच्या खिळ्यावरचा नकाशा, पिशवीत विसरला जाऊन ब्रेमेनला पोचलो.

तिथे चोवीस वर्षे मी एका खणात होतो. त्या दिवसांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. वर जुन्या चार्जरांचा ढीग आणि खाली रंगीत कागद. ट्रूडे त्याच हिवाळ्यात गेली. जाईपर्यंत तिने मुलीला काहीच विचारले नाही. "किती वाजता ठरलं होतं?" एवढेही नाही. मला तर खात्रीच पटली होती, की वाल्लीने मुद्दाम फसवले. चार दिवसांचा बेत प्रेमाने आखून देते आणि चौथ्या दिवशी तोंड दाखवत नाही! अंधारात संशयाला चांगले दिवस येतात, मित्रांनो. तो एकटाच तिथे वाढतो.

गेल्या वर्षी खण उघडला. वीब्के आता चव्वेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी बाई झाली होती. तिने मला पाकिटासकट बॅगेत टाकले आणि व्हिएन्ना गाठले. गेस्टहाऊसमध्ये नाव सांगितले 'फ्राऊ पेटरसन'. हे तिच्या नवऱ्याचे आडनाव. गाव सांगितले कील. थापा! म्हातारीला दोषी ठरवायला आली आहे, हे मी ओळखले.

पण तिथे तिच्यावरही संशय घेणारे होते. नाश्त्याच्या खोलीखालीच तिची खोली. खिडकी उघडी असली, की वरचे सगळे ऐकू येई.

"ही बाई फार चौकशा करते," वाल्लीचा आवाज. शहात्तर वर्षांचा, पण धार तीच. "तुमचं कोणी आहे का, बहीणभाऊ आहेत का. जनगणना आहे का ही?"

"घर बघायला आली असेल," मिलित्सा म्हणाली. ही नाश्ता बनवणारी बाई, वीस वर्षांपासून तिथे. "काल जिन्याचा कठडा हात लावून बघत होती. विकत घेणाऱ्यांचीच माणसं असं करतात."

"कठडा नाही विकत मिळायचा म्हणावं. जर्दाळूचा जॅम ठेव तिच्यापुढे. जॅम खाताना माणसाचं खरं रूप दिसतं."

वीब्केने बेत मागितला. वाल्लीने एका फुकटच्या, चकचकीत नकाशावर तो आखून दिला. चोवीस वर्षे मी खणात, आणि माझ्या जागी हे असले! वीब्के खोलीत आली, दार लावले आणि मला पलंगावर पसरून दोन्ही बेत शेजारी ठेवले. तेच दालन, तीच बाग, तीच ट्राम. तिचे तोंड उतरले. सगळ्यांना देते तेच मलाही दिले होते, असे तिला वाटले असणार. पण चौथा दिवस नव्या नकाशावर कोराच होता.

दुसऱ्या सकाळी तिने वर जाऊन त्याबद्दल विचारले.

"चौथ्या दिवसाचं मी ठरवत नाही," वाल्ली म्हणाली. "पूर्वी ठरवायचे. चौथा दिवस दगा देतो. तुमची टॅक्सी तेवढी सांगते. शनिवारी पाव दहा."

वीब्केला उलगडा झाला नाही. मलाही नाही. ज्याने दगा दिला, तोच दग्याची तक्रार कसा करतो?

शनिवारी ती निवांत बॅग भरत होती. मी उघडाच पलंगावर होतो. तेवढ्यात मिलित्सा दार वाजवायला लागली.

"अहो बाई, टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून थकला! जायचंय ना?"

"आत्ता? आत्ता तर कुठे सव्वानऊ झालेत. टॅक्सी सव्वादहाला आहे."

"कोण म्हणालं?"

"तुमच्या बाई. पाव दहा."

"मग पाव दहाच झालेत की!" मिलित्सा मोठ्याने हसली. "दहावा तास पाव भरला, म्हणजे सव्वानऊ. इथं असंच बोलतात. मी नवी होते तेव्हा एका पाहुण्याचं विमान चुकवलं होतं यापायी. तुमच्याकडे नाही बोलत असं?"

वीब्के खाली बसली. तिने मला ओढून घेतले आणि माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवले. मग मला उघडेच छातीशी धरून ती जिना चढली.

वाल्ली जॅमच्या बरण्या पुसत होती. वीब्केने मला तिच्यापुढे पसरले.

"हे किती वाजले?"

वाल्लीने चष्मा लावला. आधी तिने मला ओळखले. तिचा हात माझ्या घडीवरून फिरला. मग तिने कोपरा वाचला आणि मान वर केली.

"सव्वाआठ," ती हळू म्हणाली. "आणखी काय असणार?"

"मी सव्वानऊला आले होते, मावशी."

मागोमाग वर आलेल्या मिलित्साने हातातले फडके खाली ठेवले.

"मी बॅग घेऊन आले होते," वाल्ली म्हणाली. "पाऊण तास बसले. दोन कॉफ्या झाल्या. नऊला उठले. म्हटलं, आईचीच मुलगी. येते म्हणायचं आणि यायचं नाही. दोघींनी मिळून माझी थट्टा केली असं समजले मी. चोवीस वर्षं." तिने खुर्ची धरली. "एकदा सरळ आठ-पंधरा लिहिलं असतं तर..."

"मी एकदा विचारलं असतं तर," वीब्के म्हणाली. तिने माझ्या खिशातले पाकीट काढून तिच्या हातात दिले.

वाल्लीने ते जॅमच्या सुरीने फोडले. पत्र नव्हतेच ते. तो एक बेत होता. ब्रेमेनचा, चार दिवसांचा, ट्रूडेच्या अक्षरात. दिवसाला एकच मोठी गोष्ट. पहिल्या दिवशी बंदर. दुसऱ्या दिवशी संग्रहालय, फक्त एक दालन. तिसऱ्या दिवशी, 'दफनभूमी, कारण तू ऐकणार नाहीस'. चौथ्या दिवशी काही नाही, 'नुसतं माझ्याजवळ बस'. आणि सगळ्यात खाली: 'गाडी रात्री साडेआठला येते, वाल्ली. पण मी ¼ ९ पासूनच फलाटावर उभी असेन.'

जिने घरात व्हिएन्नाचा शब्द बंद केला होता, तिने बहिणीसाठी वेळ व्हिएन्नाच्याच रीतीने लिहिली होती.

"ती होती," वीब्के म्हणाली. "तब्येत बरी नसताना होती. मी एकटीच उतरले, तर ती माझ्या मागं डब्याच्या दाराकडे बघत राहिली. गाडी निघून गेली तरी. त्याच हिवाळ्यात ती गेली."

वाल्ली रडली. मी तिला कधी रडताना पाहिले नव्हते. खाली टॅक्सीवाला अजून हॉर्न वाजवत होता. मिलित्सा खिडकीतून ओरडली, "जा रे बाबा, आज कोणी येत नाही!"

पुढच्याच महिन्यात वाल्ली ब्रेमेनला जाऊन आली. ट्रूडेचा बेत तिने ओळ न् ओळ पाळला. तिसरा दिवस आधीच ठरलेला होता, फक्त तिथे कोणाला भेटायचे ते बदलले होते. चौथ्या दिवशी ती ट्रूडेच्या कबरीजवळ नुसती बसून राहिली.

आता मी पुन्हा माझ्या खिळ्यावर आहे. कोपऱ्यातल्या '¼ ९' च्या खाली तिने '८:१५' असे ठळक लिहिले आहे आणि पाहुणे हसतात तेव्हा ती त्यांना हसू देते. माझा संशय मात्र पुष्कळ उतरला. चोवीस वर्षे मी दोघींनाही गुन्हेगार ठरवत होतो आणि खरे उत्तर माझ्याच अंगावर लिहिलेले होते. मलाच ते दिसले नाही, तर माणसांना काय बोलू?

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला उघडाल तेव्हा माझी घडी कापडावरून घाला, कागदावरून नको. आणि तुमचे कोणी ठरलेल्या वेळी आले नाही, तर लगेच उठून जाऊ नका. एक कॉफी जास्त प्या. तेही कुठेतरी तुमचीच वाट बघत बसले असेल.