दाराच्या उजव्या हाताला

वुर्यानीने आधी एक पाय आत टाकला, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि वाकायला गेली, तर सातव्या महिन्याचं पोट मध्ये आलं. समुद्र आत येतो म्हणून तिसऱ्यांदा भर घालून जमीन उंच केल्यापासून घराचं दार जेमतेम छातीइतकं उरलं होतं. शेवटी ती वळली आणि पाठमोरी, बसकण मारत आत सरकली.

"अशीच ये," आतून आई म्हणाली. "या घरात राजा आला तरी त्याला मान खालीच घालावी लागते."

दाराशीच आईचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं, कमरेला गुंडाळायच्या जुन्या तपकिरी सारोंगमध्ये, वर घट्ट गाठ. ते पाहून वुर्यानीचा जीव भांड्यात पडला. आई बाळंतपणापुरतं, फक्त चाळीस दिवसांसाठी शहरात यायला कबूल झाली होती. एकदा आली की परत पाठवायचीच नाही, हे वुर्यानीने आणि तिच्या नवऱ्याने केव्हाच ठरवून टाकलं होतं. आईला अर्थातच हे सांगितलेलं नव्हतं.

बाहेर पाक तारमुजीने होडी बांधली आणि शिंपल्यांची पोती उतरवायला घेतली. गावातली बाकीची घरं सहा वर्षांत एकेक करून उठून गेली होती आणि त्यांच्या उरलेल्या भिंतींवर आता बगळे बसायचे. आईकडे माणूस म्हणून हा म्हातारा होडीवालाच काय तो यायचा, तोही पोती घेऊन.

"दर्यात खसखस चाललीय आमची," तो ओरडला. "तुझी एमाक समुद्र बुजवून त्यावर भात लावणार आहे. बियाणं तेवढं घेऊन ये पुढच्या खेपेला."

"तोंड आवर आणि पोती बघ," आई बाहेर पडत म्हणाली. "एक फाटकं आणलंयस. निम्मे शिंपले वाटेत सांडले असतील."

"फाटकं गिऱ्हाईक, फाटकं पोतं! आणि हे बघ, पाणी उतरायच्या आत निघायला हवं. नाहीतर होडी गाळात बसेल नि मला तुझ्या हातचा भात खावा लागेल."

आई हसली. जाण्याआधी एवढी पोती टाकून घ्यायची, तेवढंच काम राहिलंय, असं म्हणत तिने मोगरी उचलली. वुर्यानी बाहेर येऊन जोत्यावर पाय सोडून बसली आणि तिला पहिल्यांदाच सगळं नीट दिसलं.

दाराच्या उजव्या हाताला बांबूच्या मेखांचा तिहेरी कूड होता. दोन कुडांमध्ये शिंपले आणि गाळ ठासून भरला होता. त्यापलीकडे आईने लावलेली कांदळं आता पुरुषभर वाढली होती आणि त्यांची मुळं चिखलात घट्ट रुतली होती. आतली जमीन इतकी कोरडी, की तिथे कोंबडी पिल्लं घेऊन माती उकरत होती. एका कोपऱ्यात गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या पडल्या होत्या.

डाव्या हाताला पायरी होती आणि पायरीला लागून समुद्र.

मूल झालं की बाप त्याची वार धुऊन मडक्यात घालतो आणि दाराशी पुरतो. मुलगा असेल तर उजवीकडे, मुलगी असेल तर डावीकडे. वर पस्तीस रात्री दिवा ठेवतात. उजवीकडे कांग जुमालीची होती, तिच्या थोरल्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी तो मासेमारीच्या बोटीवर गेला. बोटही परत आली नाही आणि प्रेतही मिळालं नाही. उपवासाच्या महिन्याआधी लोक कबरी झाडायला जात, तेव्हा आई दाराच्या उजवीकडे फुलं टाकायची.

"एमाक," वुर्यानीने आईला हाक मारली, "माझी बाजू कुठाय?"

आईची मोगरी थांबली. "गेली. चार वर्षं झाली. उधाण आलं होतं मोठं."

"तू एक पोतंसुद्धा टाकलं नाहीस?"

"दोनच हात आहेत मला."

"दोन्ही त्याच्याच बाजूला?"

"तू येतेस ना," आई शांतपणे म्हणाली. "आपल्या पायांनी येतेस, जेवतेस, भांडून जातेस. त्याचं काय आहे माझ्याकडे? मी फुलं कुठे टाकू?"

वुर्यानीला राग आला, आणि मेलेल्या भावावर रागावल्याची लाजही वाटली. तरी तोंडातून निघून गेलंच, "पाच फूट खाली असेल ते. एव्हाना मातीत मिसळूनही गेलं असेल."

"मिसळलंच असेल. म्हणून तर माती जाऊ देत नाही."

मायलेकींची असली भांडणं पाक तारमुजीला सोसत नसत. त्याने विडी शिलगावली आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणतो मग? मुलगा की मुलगी?"

"मुलगी," वुर्यानी म्हणाली.

आईने वळून पाहिलं. "नक्की?"

"दोनदा बघितलं मशिनीवर."

आई हातातली मोगरी खाली ठेवून अंगावरच्या कापडाला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या त्या घराला दाराशी माती आहे?"

"तिसरा मजला आहे, एमाक. दाराशी जिना आहे."

"मग पुरणार कुठे?"

"इस्पितळवाले पिशवीत देतात. शेजारच्या बाईने नदीत सोडली होती."

"नदीत," आई म्हणाली. "म्हणजे शेवटी समुद्रातच."

तिने वाकून एक पोतं उचललं, पोटाशी धरलं आणि दारासमोरून पलीकडे नेलं. डाव्या बाजूला पायरीपाशी तिने ते पाण्यात सोडलं. बुडबुडे आले आणि पोतं दिसेनासं झालं. ती दुसरं आणायला वळली.

"ती डावी बाजू आहे," पाक तारमुजी म्हणाला.

"मला कळतं डावं-उजवं."

तिसरं पोतं फाटकं होतं. उचलताच शिंपले भळाभळा पायांवर सांडले. आई क्षणभर थांबली, मग मान खाली घालून दारातून आत गेली आणि बोचकं घेऊन बाहेर आली. तिने गाठ सोडली. दोन झगे, नमाजाचं पांढरं वस्त्र आणि बाळासाठी शिवलेली टोपरी जोत्यावर काढून ठेवली. सारोंग पसरून ती ओंजळीने त्यात शिंपले भरू लागली.

वुर्यानी त्या कपड्यांकडे बघत राहिली. ते पुन्हा बांधले जाणार नाहीत, हे तिला कळलं होतं. मुलगा म्हणाली असती तर, उजवीकडे जागा तयारच होती, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"पाणी उतरायला लागलं," पाक तारमुजी हळूच म्हणाला. "कितीजण बसणार होडीत?"

वुर्यानी जोत्यावरून उतरली, कुडाशेजारी पडलेला बांबू तिने हातात घेतला आणि ती पायरीवर, घोटाभर पाण्यात उभी राहिली.

"वाकू नकोस," आई म्हणाली. "नुसता धर. सरळ धर."

तिने बांबू सरळ धरला. आईने मोगरी उचलली.