लंकाबाईचा नवरा हयात की मयत

माझा नवरा गेल्यापासनं मी त्याचं नाव खुशाल घेते. भ्यायचं कशाला? मेलेल्या मानसाचं आयुष्य आनी काय कमी व्हनार? पर लंकाबाईचं तसं न्हवतं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, आसं आमच्याकडं म्हनत्यात. आनी तिचा नवरा कानिफनाथ मुंबईच्या गोदीत हमाल हुता. गोदीत त्यो मोठा स्फोट झाला, आग लागली, त्या दिवसापासनं त्याचा पत्त्या न्हाई. कागुद आला न्हाई, मानूस आला न्हाई, मढंबी आलं न्हाई. मग लंकीनं कुंकू पुसावं तरी कशाच्या जिवावर? तिनं पुसलं न्हाई.

तिची नि माझी भिंतीला भिंत. सकाळी उठून ती आधी वाटंकडं बघायची, मंग चुलीकडं. मी म्हनायची, “लंके, वाट काय पळून चाललीय व्हय?” ती हसायची नुसती. मला मेलीला हसू यायचं न्हाई, रडू यायचं.

स्वराज्य आलं त्याच्या पुढल्या साली मिशनच्या शाळंतलं शांतवन मास्तर दारोदार नावं लिवत आलं. म्हनाले, “आता गरीब-श्रीमंत, बाई-गडी, सगळ्यांना मत. आपल्या भागातून दिल्लीच्या पार्लमेंटात माणूस पाठवायचा.” लंकी फटकन म्हनाली, “मुंबईला धाडला त्यो अजून यायचाय, मास्तर.” मास्तरांनी वहीचं पान उलटलं.

गडी मानसं तर पारावर हातघाईवर आलती. आमचं पारनेर कुठल्या मतदारसंघात जानार ते अजून ठरलंच न्हवतं. कुनी म्हनं नगरला जोडा, कुनी म्हनं नगरला जोडलं की नगरचाच वकील निवडून येनार, आपल्या कोरडवाहू रानाकडं कोन कुत्रं बघनार? बाजारात तुरी नि भट भटनीला मारी! बायांना मातुर कुनी काय इचारलं न्हाई.

मास्तरांनी लंकीला नवऱ्याचं नाव इचारलं. तिनं पदराचा बोळा तोंडात घातला. शेवटी मीच वरडले, “कानिफनाथ! लिवा की!” मास्तरांनी लिवलं. आधी कानिफनाथ, त्याच्याखाली लंकाबाई, नवरा कानिफनाथ. वाचूनबी दावलं. आनी काय सांगू, त्या बाईनं घरातला हुता नव्हता तेवढा गूळ आळीत वाटला! “सरकारनं लिवलं, छबू. सरकार काय मेलेल्याला मत दील व्हय? त्यो हाय, म्हनूनच लिवलं.” मी गूळ खाल्ला.

वर्सानं यादी चावडीवर लागली आनी तिच्या दिरानं, गोरक्षनाथानं, हरकत घेतली. भाऊ मयत हाय, त्याचं नाव खोडा, भावजयीच्या म्होरं विधवा लिवा.

मी त्याच्या दारात जाऊन त्याला लई शिव्या घातल्या. त्यानं खाली मान घालून ऐकून घेतल्या. मंग म्हनाला, “छबूवैनी, स्फोटानंतर गोदीत मी गेल्तो, तुमी न्हाई. कोळसा झाल्याली मानसं मी उलटीपालटी करून बघितली. पाच वर्सं भावाला पानी न्हाई दिलं. माझ्या पोरीला ठिकान येतं नि मोडतं. म्हनत्यात, पितर आडकलाय तुमचा. किती दिस त्याला हयात ठिवू?” त्याचंबी खोटं न्हवतं हो. ह्योच तर ताप हुता.

पारनेरच्या कचेरीत सुनावनी लागली. मी लंकीसंगट गेले. गाव लोटलं हुतं, तमाशाला लोटावं तसं. सायेब तरना हुता, बोलायला मऊ. म्हनाला, “दीर म्हणतो मयत, मास्तर लिहितात हयात. तुम्ही पत्नी. तुमच्या तोंडून ऐकू द्या. नवऱ्याचं नाव काय?”

लंकी मुकी.

“मी सांगते, कानिफनाथ!” मी म्हनाले.

“तुम्ही नाही, त्या सांगतील. बाई, तुम्ही बोलला नाहीत तर तुमची दोघांचीही नावं खोडावी लागतील.”

नाव घ्यावं तर त्याचं आयुष्य जातं, न घ्यावं तर सरकार त्याला पुसून टाकतं. आगं, कसल्या चरकात घातलं गं तिला देवानं! गोरक्षनाथसुदिक भिताडाकडं तोंड करून हुबा राह्यला. मला वाटलं ही आता पडतीय. तर तिनं पदर सावरला, खाली बघितलं, आनी हळदीच्या मांडवात नवरी घेती तसं सुरात म्हनाली,

“कचेरीच्या दारात लोटलं सारं गाव,
वाट बघते कानिफनाथांची, घेते त्यांचं नाव.”

उखान्यात घेतलेलं नाव लागत न्हाई, ही रीत. कारकून फिदीफिदी हसले. मागनं एक टवाळ “वा वैनी!” म्हनला. सायेब हसला न्हाई, त्याचं मला आजबी बरं वाटतं. त्यानं हळूच इचारलं, “त्यांची शेवटची खबर कधी आली?”

लंकीनं नुसती मान हलवली.

“पत्र? कुणाच्या हाती निरोप?”

तिनं परत मान हलवली.

“मग ते हयात आहेत, हे कशावरून म्हणता?”

तिनं मान वर केली. “कुंकू हाय की माझं,” ती म्हनाली.

सायबानं टाक उचलला. मंग मान हलवली आनी लाल शाईनं रेघ मारली. कारकुनानं मोठ्यानं वाचलं, “कानिफनाथ, मयत, नाव कमी. लंकाबाई, विधवा, नाव कायम.” सायेब तिला म्हनाला, “बाई, तुमचं मत शाबूत आहे.” त्याला वाटलं आसंल, तेवढाच धीर.

भाईर गोरक्षनाथ तिच्या पाया पडाया वाकला. ती त्याला वलांडून म्होरं गेली. वड्यापतुर तशीच चालत गेली. तिथं मटकन खाली बसली आनी धोंडा घेऊन आपल्या हातानं बांगड्या फोडाया लागली. बांगड्या काय ग कुनी आपल्या हातानं फोडतं? त्याला चार बाया लागत्यात. मी हात धरला, तर मलाच काच लागली.

“लंके, सोड! सायबाच्या एका रेघंनं मानूस मरतो व्हय?”

“सायबानं काय केलं?” ती म्हनाली. तिच्या डोळ्यात टिपूस न्हवता. “पाच वर्सं मी त्याला जपला, छबू. आज नाव घेतलं, आनी दोन घटकंत गेला बघ. उखान्यात घेतलेलं लागत न्हाई म्हनत्यात. लागलं की गं.”