हॉलमध्ये गेलेली बाई

त्या मंगळवारी आई आणि शेषरावकाका मेथीवरून भांडत होते. दोघांच्या हातांत सुया, शेजारी डायलिसिसच्या मशीन घरघरत होत्या, आणि आई छताकडे बघत म्हणाली, "जल्मभर मेथी पिकवली म्या. आता हे रागिणी ते उकळून पानी फेकते. चोथा चारून राहिली मले." रागिणी म्हणजे मी; डायलिसिसवर पोटॅशियम चालत नाही, म्हणून मी भाजी उकळून पाणी टाकून द्यायचे.

"मेथीच तं होती ना बाई, ते काय पीक हाय?" काका म्हणाले. "तूर पिकवाले छाती लागते."

"हो पाटील, छाती लई मोठी तुमची. सुई पाह्यली का डोये मिटता."

ते पाटील नव्हते. आई चिडवायला म्हणायची.

आई वलगावची, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरातली. किडन्या निकामी झाल्यावर मी तिला अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या घरी आणलं. इथल्या शेजारणींशी तिचं जमेना. त्यांची भाजी निवडायची पद्धतच तिला पसंत नव्हती. मग तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. डायलिसिसवरच्या रुग्णांत तो रक्तावाटे पसरतो, म्हणून तिला मोठ्या हॉलमधून दोन मशीनच्या छोट्या खोलीत हलवलं. मी धास्तावले. आईला मात्र तिथं शेषरावकाका भेटले. तोच आजार, तशीच शेतीची बोली. अकोल्यात आल्यापासून ती पहिल्यांदा खळखळून हसली.

दोघांनाही तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. काकांच्या उशिरा सुरू झालेल्या, आणि ते विसरायचे. आई आल्या आल्या विचारायची, "गोई घेतली का?" नाही म्हटलं की सगळ्यांसमोर त्यांचा उद्धार व्हायचा.

त्या मंगळवारी चंदा सिस्टरनं आईचा रिपोर्ट आणला. विषाणू उरला नव्हता. "मावशी, गुरुवारपासून तुम्ही मोठ्या हॉलमध्ये."

"मी नाही जात. माहं इथंच बरं हाय."

"आई, पुन्हा लागण झाली तर? हट्ट करू नकोस," मी म्हणाले.

"जा ना बाई," काका म्हणाले. "तिथं थंडगार एसी हाय. माह्या तोंडाकडे पाहून काय भेटते तुमाले?"

"तोंड कोन पाह्यते? गोया सराच्या हायेत तुमच्या अजून."

शेवटी ती कबूल झाली, पण जाता-येता दारातून डोकावणार या अटीवर. "कान तयार ठेवजा, पाटील."

बुधवारी पहाटे आई झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं.

सगळे फोन माझ्या नवऱ्यानं, कुलदीपनं केले. भेटायला येणारे 'सुटली', 'देवाघरी गेली' म्हणत, आणि मी मान हलवत असे. 'आई वारली' हे वाक्य मला स्वतः उच्चारावं लागलं नाही. मीही ते टाळत होते.

तेरवी झाल्यावर आईची शाल आणायला मी डायलिसिस सेंटरमध्ये गेले. चंदा सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "शेषरावकाकांना अजून सांगितलं नाही, ताई. त्या दिवशी त्यांचं बीपी फार पडलं होतं. मग राहूनच गेलं. त्यांना वाटतं, मावशी हॉलमध्ये आहेत."

मी परत फिरणार, तोच छोट्या खोलीतून आवाज आला, "कोन? रागिणी का?"

मी आत गेले. त्यांचं डायलिसिस आटोपलं होतं. हाताला पट्टी होती.

"तुही माय लई मोठी झाली बाप्पा! हॉलमंदी गेली तं इकडे फिरकत नाही. एक डाव डोकावली नाही."

मी त्यांच्या उशाशी गेले.

"मंग म्याबी गोया सोडल्या," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "सांग तिले. म्हना, पाटलानं गोया फेकल्या. मंग पाह्य कशी पयत येते भांडाले."

चेहऱ्यावर लबाड हसू होतं, आणि डोळे दाराकडे. त्यांच्या गोळ्यांचे थोडेच दिवस उरले होते. आईवर रुसून हा माणूस हातातोंडाशी आलेलं बरेपण घालवायला निघाला होता.

मी स्टूल ओढून बसले. त्यांचा मोकळा हात हातात घेतला.

"काका, ती तुमच्यावर रागावलेली नाही. ती हॉलमध्ये गेलीच नाही."

"मंग? वलगावले गेली का?"

"नाही काका. आई वारली. त्याच बुधवारी. माझी आई गेली."