कुणाच्या घरचं

आमच्या घरात जे जे वाईट ते बाबांच्या घराकडून आलेलं. माझा तापट स्वभाव, ताईचे पातळ केस, दोघींनी गणितात पाडलेला उजेड, सगळं तिकडचं. बाबा हसून म्हणायचे, बरं बाई, तिकडचं. ते हार्टने गेले, पण आईचं पालुपद काही सुटलं नाही.

मग ताईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. वय नुकतंच चाळिशीपार. जिना चढताना धाप लागायची, चेहरा पांढराफटक, आणि ही बया रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या गिळत बसली. मी कानीकपाळी ओरडून दमले तेव्हा कुठे दुर्बीण घालून घेतली. ऑपरेशन करून गाठीसकट आतड्याचा उजवा भाग काढला.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. पेशंटच्या अंगातून काढून मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. घरच्या माणसाचं काम आपण करायचं नाही असा आमच्याकडे नियम, म्हणून ताईच्या गाठीचा तुकडा शेजारच्या टेबलावर गेला. डॉक्टरांनी मला बोलावून काचा दाखवल्या. नवी पेशी तयार होताना जीन्सची नक्कल होते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. ती असली तर रंगवल्यावर पेशी तपकिरी दिसतात, नसली तर निळ्या. ताईच्या दोन काचांवर गाठीच्या पेशी निळ्याच होत्या.

"हा दोष बहुतेक जन्मापासूनचा आहे," डॉक्टर म्हणाले. "आईकडून किंवा वडिलांकडून. कुणाकडून ते कळलं तर त्या बाजूच्या लोकांना वेळेत तपासता येईल."

आईला विचारलं, तर म्हणे माहेरी सगळ्यांची पोटं ठणठणीत. आणि आजी? आजी अंगावरून जाऊन जाऊन गेली, ते बायकांचं दुखणं, त्याचा इथे काय संबंध? मी कपाळावर हात मारून घेतला. अगं, याच दोषाने गर्भाशयाचाही कॅन्सर होतो! पण तिच्या माहेरी असलं तोंडातून काढायची पद्धत नव्हती, आणि जे कुणी बोललं नाही ते आईने कधी आजारात धरलंच नाही.

तिघींचं रक्त तपासलं. ताईत दोष होता, आईत होता. माझ्यात नव्हता. मी सुटले, आणि सुटले म्हणायचीही मला चोरी झाली.

रिपोर्ट आधी आम्हा दोघींच्या हातात पडले. ताईने माझं मनगट धरलं. "आईला सांगायचं नाही. बाबांकडून आलं म्हण. ते थोडेच भांडायला येणार आहेत?"

मी तसंच सांगितलं. आई म्हणाली, वाटलंच होतं मला.

केमो सुरू झाली. थंड पाण्याला हात लागला की ताईच्या बोटांत सुया टोचायच्या, म्हणून आई चूळ भरायलासुद्धा पाणी कोमट करून द्यायची. पुढे कॅन्सर यकृतात गेला. प्रतिकारशक्ती जागी करणारं नवं इंजेक्शन आलंय, असा दोष असलेल्यांना ते बऱ्याचदा लागू पडतं, असं तिचे डॉक्टर म्हणाले. ताईला नाही पडलं. का नाही, ते कुणालाच सांगता येईना.

आणि इकडे मामाची मुलगी बबडी, ताईच्याच वयाची, पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण फाकत होती. मी ताईला म्हटलं, आता तरी सांगू दे. ती म्हणाली, मी गेल्यावर सांग. ती अशी बोलली की माझा जीव तुटला. पण बबडीच्या पोटात काही असलं तर ते थांबणार होतं का आमच्यासाठी?

मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगून टाकलं. ती पातेलं पुसत होती. कोरडं झालं तरी पुसत राहिली. मग तिने स्वतःच मामाला फोन लावला.

"दादा, हे माझ्याकडून आलंय. आपल्या आईपासूनचं आहे. तू रक्त तपास, बबडीला तपासून घे. लाजत बसू नका."

ताईला आतल्या खोलीत सगळं ऐकू गेलं. आई तिच्या उशाशी जाऊन बसली. ताईने तिचा हात धरला आणि माझ्याकडे पाठ फिरवली. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. शेवटी बोलली, पण तेही पाणी दे, खिडकी लाव, एवढंच.

मामाच्या रक्तात दोष निघाला, बबडीच्याही. नंबर लागून तिची दुर्बीण होईपर्यंत ताई गेली होती. आतड्यात मांसाचा एक मोड सापडला, कॅन्सर व्हायच्या वाटेवर असलेला. तिथल्या तिथे काढला. आता दर वर्षी तपासत राहायचं, बाकी काही नाही. बबडी फोनवर रडत होती, आत्या, तुझ्यामुळे वाचले म्हणत होती. आई तिला जपून राहा म्हणाली, जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला.

"बरं झालं," ती मला म्हणाली. "खरंच बरं झालं गं. पण ते कळायला माझीच पोरगी जावी लागली."