तीन कुकर, दोन व्हॉल्व्ह

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी वहिनींच्या हाताला सुट्या सामानाच्या डब्यात एक नवाकोरा सेफ्टी व्हॉल्व्ह लागला. तो तिथे असायला नको होता.

शनिवारी त्यांनी मोजून तीन व्हॉल्व्ह आणले होते आणि तीन कुकरांना बसवले होते. रविवारी ते तिन्ही कुकर जुन्या वस्तूंच्या बाजारात गेले आणि दुपारच्या आत खपले. वहिनींनी कामाच्या टेबलावरच्या फळीकडे पाहिलं. प्रत्येक हत्याराच्या जागी खडूने त्याची आकृती काढलेली होती आणि एक सोडून सगळ्या भरलेल्या होत्या. पितळी बोल्टाचं वर्तुळ रिकामं होतं.

त्या खाली बसल्या. मग पुन्हा उठून टेबलाखाली, केरात, एप्रनच्या खिशात, सगळीकडे शोधून आल्या. बोल्ट नव्हताच.

तो बोल्ट त्यांनी स्वतः करून घेतला होता. जुना कुकर भंगारातून आला की आधी व्हिनेगरच्या पाण्यात उकळायचा, मग घासायचा, रिंग बदलायची, दांडे बदलायचे आणि शेवटी पाण्याची चाचणी. चाचणीत हातपंपाने कुकरात पाणी भरून नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा. एवढ्या दाबाला सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. म्हणून तेवढ्यापुरता तो काढायचा, त्याच्या जागी भरीव बोल्ट पिळायचा, चाचणी झाली की अदलाबदल. व्हॉल्व्ह आणि बोल्ट हातभर अंतरावरून सारखेच दिसतात. फरक एकच. व्हॉल्व्हच्या मध्ये मऊ धातूचा पांढरा ठिपका असतो. कुकर नको इतका तापला की तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. बोल्ट मात्र वाफ सोडत नाही.

म्हणजे तीनपैकी एका घरात असा कुकर होता, ज्याची शिट्टीची नळी चोंदली तर वाफेला दुसरी वाटच नव्हती.

वहिनी तेवीस वर्षं कारखान्यात तपासनीस होत्या. सही केल्याशिवाय त्यांच्या हातून वस्तू पुढे गेली नव्हती. तिन्ही कुकरांसोबत दिलेल्या तपासणीच्या चिठ्ठ्यांवरही सह्या होत्या. त्यांनी वहीतल्या प्रती काढून पाहिल्या. सेफ्टी व्हॉल्व्ह: बरोबर, बरोबर, बरोबर. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चिठ्ठीवर व्हॉल्व्हची ओळ पाचवी होती आणि पाण्याची चाचणी सहावी. खूण केली तेव्हा व्हॉल्व्ह खरोखरच जागेवर होता. नंतर काढला. परत बसवल्याची ओळ चिठ्ठीवर नव्हतीच. चिठ्ठी त्यांनीच आखली होती.

शेवटी प्रत्येक कुकरात त्या बटाटे शिजवून बघत. शनिवारीही शिजवले. तिन्ही कुकरांनी वेळेवर शिट्ट्या दिल्या. नळी मोकळी असेपर्यंत बोल्टाचा पत्ता लागतच नाही.

दहा पंचवीसला भावोजी आले. भंगारवाल्यांकडे हिंडून कुकर शोधायचे आणि रविवारी विकायचे, ही त्यांची बाजू.

"काय वहिनी, आज बटाट्यांना सुट्टी? दादाला बरं वाटेल, बिचारा रोज तेच खातो."

वहिनींनी व्हॉल्व्ह त्यांच्या तळहातावर ठेवला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. भावोजींनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"तुम्ही? तुम्ही विसरलात?"

"कोण विसरलं ते नंतर बघू. कोणाकोणाला दिले ते आठवा."

"एक आपल्या शिंप्याला. एक त्या नर्सबाई, गेल्या वर्षी पण घेऊन गेल्या होत्या, त्यांचा नंबर आहे. आणि एक..." ते थांबले. "एक माणूस होता. आईसाठी घेतला. आईचा पहिला कुकर असाच होता म्हणाला."

"नाव?"

"नाव कशाला विचारू? मी काय त्याला मुलगी देत होतो?"

वहिनी चपला घालत होत्या.

"हे बघा," भावोजी मागोमाग निघाले, "लोकांसमोर स्फोट-बिफोट शब्द काढू नका. नुसतं बघायला आलो म्हणू. उगाच बोभाटा झाला तर पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही."

"नाही तर नाही."

शिंपी दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. दुकान पुढे, घर मागे. वहिनींनी कुकर बघायचा आहे म्हटल्यावर त्याने कात्री खाली ठेवली.

"परत घेऊन जाणार असाल तर आधीच सांगतो, मी देणार नाही. घरात आल्यापासून बायको माझ्यापेक्षा त्यालाच जास्त पुसते."

"शिजवलंत का त्यात काही?"

"शिजवते कुठे? शोकेसमध्ये ठेवलाय."

शोकेसची काच सरकवून वहिनींनी झाकण उचललं आणि खिडकीशी नेलं. पांढरा ठिपका होता. त्यांनी अंगठ्याने तो दोनदा चाचपला. शिंपी म्हणाला, "झालं समाधान?" त्यांनी झाकण परत बसवून काच सरकवली. एक घर वगळलं गेलं होतं, आणि तेवढाच बाकीच्या दोघांचा धोका वाढला होता.

नर्सबाईंनी तिसऱ्यांदा फोन केल्यावर उचलला. रात्रपाळी करून झोपल्या होत्या.

"झाकण हातात घ्या," वहिनी म्हणाल्या. "शिट्टीच्या बाजूला पितळी बटण आहे. त्याच्या मधोमध पांढरा ठिपका आहे का?"

"थांबा हं, चष्मा." भांडी सरकल्याचे आवाज आले. "आहे. साबुदाण्याएवढा. का हो?"

"आहे ना? नक्की?"

"अहो बाई, मी सुया टोचते लोकांना. ठिपका दिसतो मला."

वहिनींनी आभार मानून फोन ठेवला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. आता अंदाज राहिला नव्हता. बोल्ट त्या माणसाच्या आईकडेच होता.

"आठवा," त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "काय घातलं होतं? काय बोलला?"

"कुकर खांद्यावर टाकून नेला. निळा शर्ट... खाकी पँट. घाईत होता, दोनला गाडी काढायचीय म्हणाला." भावोजींनी कपाळावर हात मारला. "गाडी काढायचीय. बसवाला असणार तो."

डेपो बसने वीस मिनिटांवर. खिडकीमागच्या हजेरी बाबूने भावोजींचं वर्णन ऐकून घेतलं.

"निळा शर्ट? इथे दीडशे निळे शर्ट आहेत, साहेब."

"रविवारी दोनची पाळी. कुकर घेऊन आला असेल," वहिनी म्हणाल्या.

बाबूने मान वर केली. "मग असं सांगा ना. आमचा ढोल्या. कुकर सीटखाली ठेवून पूर्ण फेरी मारली पठ्ठ्याने. आज सकाळची पाळी आहे, बारा पाचला शेवटच्या थांब्यावर टेकेल. गाडी चालवताना तो फोन उचलत नाही."

"त्यांची आई कुठे राहते?"

"ते मला कसं माहीत असणार?"

अडतीस मिनिटं वहिनी खिडकीसमोरच्या बाकावर बसून होत्या. भावोजींनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा त्यांनीच प्यायला. "वहिनी, रविवारपासून आज मंगळवार. काही व्हायचं असतं तर झालं असतं," ते म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कारखान्यात असं म्हणणाऱ्या माणसाचा माल त्या परत पाठवत.

बारा सातला बाबूने फोन खिडकीतून बाहेर दिला. ड्रायव्हरचा आवाज खुशीत होता.

"कुकर ना? झकास आहे. आईने काल भात लावला, एकदम पहिल्यासारखा म्हणाली."

"ऐका. त्याच्यात माझी चूक राहिली आहे. नळी तुंबली तर तो फुटू शकतो. आईंना आत्ता सांगा, तो वापरू नका."

पलीकडे त्याने इंजिन बंद केलं.

"आज ती वाटाणे करणार आहे," तो म्हणाला. "आम्ही सगळे जेवायला जाणार आहोत. आई काठोकाठ भरते हो कुकर. कितीही सांगा."

सुक्या वाटाण्यांना फेस येतो आणि सालं वर चढून नळीत अडकतात. वहिनींनी हे त्याला सांगितलं नाही.

"फोन करा त्यांना."

"तिला फोन ऐकू येत नाही. मी इथून निघालो तरी पाऊण तास. शेजारीण आहे, तिचा नंबर घ्या, मी पण लावतो." त्याने आकडे दोनदा सांगितले. भावोजींनी ते तिकिटाच्या मागे उतरवले.

शेजारीण बारा चौदाला मिळाली.

"आजींकडे? आहेत घरातच. मघाशी शिट्ट्या चालल्या होत्या, आमच्या घरापर्यंत ऐकू येत होत्या."

"आता?"

"आता नाही येत."

"गॅस बंद केला असेल का त्यांनी?"

"काय माहीत. पण शिजायला लावलं की त्या झोपाळ्यावर डुलकी काढतात. दार वाजवू का?"

वहिनींनी विचार केला. झोपाळा कुठे, ओटा कुठे, उठून दाराशी यायचं तर वाटेत काय लागतं?

"त्यांचं स्वयंपाकघर दाराला लागून आहे का?"

"लागूनच. ओट्याला घासूनच दाराकडे यावं लागतं."

"मग वाजवू नका. गॅसचा कॉक बाहेर कुठे आहे?"

"जिन्याखाली. सगळ्या घरांचे तिथेच आहेत. सहा."

"त्यांचा कोणता?"

"आकडे पुसलेत हो. कोणाला ठाऊक."

"सगळे बंद करा. फोन चालू ठेवा."

पायऱ्या उतरल्याचा आवाज आला, मग लोखंडी दार करकरलं. बाबू खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. भावोजींनी कान फोनला लावला होता. शेजारीण मोजत होती. एक. दोन. तिसरा जरा जड होता. चार.

बारा एकवीसला ती म्हणाली की पाचवा फिरतच नाही, आणि सहाव्यापर्यंत तिचा हात पोचत नाही, ती स्टूल आणायला चालली आहे. आजींचा कॉक बंद झालेल्या चारांत होता की उरलेल्या दोनांत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.